मोडक्या नौकेची बोली : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

फुटलेली, बुडून वर काढलेली किंवा सरकारने जप्त केलेली नौका लिलावात विकत घेणे, हा विषय मराठीत आजवर किनारपट्टीच्या खात्यावर जमा आहे. मुंबईचा दारूखाना, रत्नागिरीचे मिऱ्या, गोव्याचे मुरगाव ही त्याची नेहमीची ठिकाणे. ही प्रस्तावना मात्र बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकमधून लिहिली जात आहे आणि त्याला कारण आहे. १८८५ सालच्या नीरा डाव्या कालव्यामुळे या भागात ऊस आला, उसामागून साखर कारखाना आला आणि कारखानदारीबरोबर लिलावही अंगवळणी पडला. कर्ज थकले म्हणून बँकेने ओढून आणलेला ट्रॅक्टर, कारखान्याच्या आवारातले भंगार, तहसील कचेरीसमोर गंजत उभे असलेले वाळूचे ट्रक, या सगळ्यांच्या बोलीला इथला माणूस सरावलेला आहे. ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट त्याला समजावून सांगावी लागत नाही. नौका मात्र त्याच्या ओळखीची नाही. ट्रॅक्टरचे आरसी बुक आरटीओत तपासून घेता येते, इंजिन सुरू करून आवाज ऐकता येतो, ओळखीच्या मेस्त्रीला सोबत नेता येते. बुडालेल्या नौकेपुढे उभे राहिल्यावर हे तिन्ही आधार बहुधा सुटतात. ते नव्याने कसे मिळवायचे, याचा शोध हा या अभ्यासाचा गाभा आहे.

माळेगावाहून तासाभराच्या वाटेवर भीमेचे अडवलेले पाणी लागते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय, म्हणजे यशवंतसागर, इंदापूर तालुक्याच्या कडेने लांबवर पसरला आहे. जुने पळसदेव त्यात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला मासेमारी चालते आणि हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला आलेल्या पाहुण्यांना होडीतून फिरवले जाते. कळाशीहून समोर करमाळा तालुक्यातले कुगाव दिसते, पण रस्त्याने जायचे तर फार मोठा वळसा पडतो, म्हणून लोक लाँचने ये-जा करतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी अशीच एक बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. एनडीआरएफच्या पथकांना शोधासाठी उतरावे लागले. त्या अपघाताची चिकित्सा करण्याची ही जागा नव्हे. पण ज्या पाण्यावर माणसे रोज पलीकडे जातात, त्या पाण्यावरची नौका कुठून आली, आधी कुणाची होती, कधी फुटली होती का आणि फुटली असेल तर कुणी, कशी जोडली, हे प्रश्न आता किनारपट्टीपुरते राहिलेले नाहीत.

या क्षेत्रात येणाऱ्याला मी आधी एका फार जुन्या प्रश्नापाशी नेऊ इच्छितो. फुटलेली नौका असते कुणाची? १२७५ साली इंग्लंडात वेस्टमिन्स्टरचा पहिला कायदा झाला. त्याने याचे उत्तर असे दिले की जहाजावरून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटले, तर त्या जहाजाला बेवारस म्हणता येणार नाही. माल जपून ठेवायचा आणि एक वर्ष व एक दिवसाच्या आत धन्याने आपला हक्क शाबीत केला तर तो त्याला परत द्यायचा. तसे झाले नाही तर माल राजाचा. मांजराच्या जिवावर मालकी ठरवणारा हा नियम आज विचित्र वाटतो. तरी फुटलेले ते सगळे राजाचे, या समजुतीला त्याने घातलेला बांध मोठा होता.

आता चारशे वर्षे पुढे रायगडावर येऊ. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर होता. त्याने आणलेल्या कलमांपैकी बहुतेक शिवाजी महाराजांनी मान्य केली. एका कलमावर मात्र गाडी अडली. इंग्रजांचे म्हणणे असे की आमची जहाजे तुमच्या किनाऱ्याला लागून फुटली तर ती आणि त्यांवरचा माल आम्हाला परत मिळावा. रायगडचे उत्तर आले ते असे : वादळाने किनाऱ्याला लागलेली तरांडी परत करणे कोकणच्या रिवाजात बसत नाही. शिवाय ही सवलत इंग्रजांना दिली तर फ्रेंच, डच आणि इतरही तीच मागतील. फुटलेल्या जहाजावरच्या माणसांना मदत करायला मात्र हरकत घेतली गेली नाही.

या उत्तराकडे अभ्यासकाने सावकाश पाहावे. माणूस आणि माल यांची इथे स्पष्ट फारकत केली आहे. माणसाला आसरा द्यायचा, मालावर राज्याचा हक्क राहील. दुसरे, हे उत्तर भावनेच्या भरात दिलेले नाही. एका परकीय व्यापाऱ्याला सूट दिली की ती सगळ्यांना द्यावी लागते, हा मुत्सद्दी हिशेब त्यात आहे. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कोकणाला या बाबतीत स्वतःचा रिवाज होता आणि तो एका राजाने दुसऱ्या सत्तेसमोर कायदा म्हणून मांडला. आपल्याकडचे सागरी कायदे इंग्रजांबरोबर आले असे सरसकट म्हटले जाते. या एका कलमाने ते म्हणणे दुरुस्त होते.

स्वातंत्र्यानंतर १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा आला. त्याने फुटलेल्या जहाजांसाठी केंद्र सरकारचा एक अधिकारी नेमण्याची सोय केली. सापडलेली वस्तू त्याच्या ताब्यात द्यायची आणि धन्याला हक्क सांगायला एक वर्ष मिळणार. म्हणजे १२७५ चे वर्ष इथेही शिल्लक आहे, फक्त वरचा एक दिवस गेला आणि मांजर गेले. वस्तू नासणारी असेल, फार मोडलेली असेल किंवा तिच्या किमतीपेक्षा राखणीचा खर्च जड होणार असेल, तर अधिकारी ती वर्ष संपायच्या आधीच विकू शकतो. मग विक्रीचा पैसा त्या वस्तूच्या जागी धन्यासाठी थांबतो. २०२५ मध्ये या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत झाला. तरी गेल्या साठ-पासष्ट वर्षांतले प्रत्येक प्रकरण समजून घ्यायला जुनाच कायदा हाताशी लागतो.

१२७५ च्या आणि आजच्या नियमांतला फरक पाहायचा असेल तर ‘पवित’ या जहाजाची हकीकत पाहावी. २०११ च्या जूनअखेर ओमानजवळ खलाशांनी ते सोडले. ते बुडाले असेच सर्वांनी धरले होते. महिनाभर ते अरबी समुद्रात एकटे वाहत राहिले आणि ३१ जुलैला मुंबईत जुहू-वर्सोव्याच्या वाळूवर येऊन टेकले. त्यावर जिवंत कुणीच नव्हते. तेराव्या शतकातल्या कसोटीने ते सरळ बेवारस ठरले असते. आजच्या कायद्यात रिकामे जहाजही मालकाचेच राहते आणि त्याबरोबर ते हलवण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात राहते. मोडक्या नौकेच्या खरेदीदाराने हे विसरू नये. तिच्याबरोबर तिची ओझीही हातात येतात.

ओझी कोणती, हे विकणारा कोण आहे त्यावर ठरते. पहिली वाट विम्याची. १९६३ च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे दुरुस्तीचा खर्च दुरुस्त नौकेच्या किमतीहून जास्त होत असेल, तर मालक ती नौका विमा कंपनीवर सोडून पूर्ण भरपाई मागू शकतो. कंपनीने पैसे दिले की उरलेला सांगाडा घेण्याचा हक्क तिला मिळतो आणि ती तो विकायला काढते. दुसरी वाट न्यायालयाची. इथे मुंबई उच्च न्यायालय मध्यभागी येते. मुरगाव बंदरातून निघालेल्या मालावरून ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ या परदेशी जहाजाचा वाद उभा राहिला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवले की इंग्रजी अमदानीतल्या जुन्या कायद्यांच्या चौकटीत भारतीय उच्च न्यायालयांचे नौकाविषयक अधिकार कोंडून ठेवता येणार नाहीत. पुढे २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा, म्हणजे नौकाविषयक अधिकारांचा कायदा, झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून तो लागू आहे. या कायद्याखाली न्यायालयाने विकलेले जहाज खरेदीदाराला सर्व बोज्यांतून मोकळे होऊन मिळते. खलाशांचे थकलेले पगार, जहाज वाचवणाऱ्याचे मानधन, बंदराची देणी, गहाणखत यांतले काहीच नव्या धन्याच्या मागे लागत नाही. ही सगळी देणी विक्रीच्या पैशांतून भागवली जातात आणि त्यांत खलाशांचे पगार सर्वांत पुढे असतात. खासगी विक्रीत अशी हमी नाही. तिथे जहाज हात बदलले तरी खलाशाचा हक्क जहाजाला चिकटून राहतो.

इंदापूरच्या वाचकाने या कायद्यातले एक अपवादाचे वाक्य अधोरेखित करून ठेवावे. हा कायदा अंतर्गत जलवाहतुकीच्या नौकांना, म्हणजे नदी-जलाशयातल्या बोटींना, केंद्राने खास अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही. उजनीच्या पाण्यातली मोडकी लाँच घेणाऱ्याला त्यामुळे त्या स्वच्छ मालकीचे कवच नाही. त्याला नौकेची कागदपत्रे स्वतःच पाहावी लागतात. ही नौका अंतर्देशीय नौकांच्या कायद्याखाली नोंदलेली आहे का? आधी ती समुद्रात मासेमारी करत होती का? तसे असेल तर तिच्या अंगावर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक कुठे तरी खरवडलेला सापडेल. इंजिनाचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळतो का? १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा आला आहे, तेव्हा जुन्या दाखल्यावर विसंबणाऱ्याने त्याची आजची किंमतही विचारावी.

आता प्रत्यक्ष नौकेकडे. जलाशयात आज बहुतेक बोटी फायबरच्या असतात आणि फायबर वरून फसवते. रंग नवा असला की आतले काही दिसत नाही. पण एक रुपयाचे नाणे खिशात असले तर निम्मे काम होते. नाण्याची कड धरून बोटीच्या अंगावर हळूहळू, हातभर जागा घेऊन ठोकत जायचे. थर एकमेकांना धरून असतील तिथे टणक, लहानसा आवाज येतो. थर सुटले असतील, मध्ये पाणी मुरले असेल, तिथे आवाज बसका होतो, भिंतीचा गिलावा पोकळ असावा तसा. त्या जागेभोवती खडूने रेघ ओढायची आणि पुढे जायचे. तास-दीड तासात बोटीच्या अंगावर खडूचा नकाशा तयार होतो आणि धक्का कुठून बसला, कुठवर गेला हे तो नकाशा सांगतो. नंतर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नजर बोटीच्या लांबीला लावून पाहावे, म्हणजे जुने ठिगळ फुगवट्यावरून कळते. मागची फळी, जिच्यावर बाहेरचे इंजिन अडकवतात, ती पुष्कळदा आतून लाकडाची असते. इंजिनाचा पाय वर उचलून दाबला आणि फळी हलली, तर लाकूड कुजले आहे असे समजावे.

भोकाचा आकार पाहून दुरुस्तीचा अंदाज करणारे इथे हमखास चुकतात. सहा मिलिमीटर जाडीच्या अंगाला भोक पडले असेल, तर नुसते भोक बुजवून चालत नाही. कडा जाडीच्या साधारण बारा पट अंतरापर्यंत उतरत्या घासाव्या लागतात, म्हणजे चारी बाजूंनी सात-सव्वासात सेंटिमीटर, आणि त्यावर थर चढवावे लागतात. तळहाताएवढे भोक दुरुस्तीत परातीएवढे होते. इंजिनाची परीक्षा याहून सोपी आणि निर्दय आहे. ऑइलची काडी ओढावी. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे. गोड्या पाण्यात बुडालेले डिझेल इंजिन लगेच वर काढून, इंजेक्टर उघडून, पाणी काढून, तेलाने भरून हाताने फिरवले तर बरेचदा वाचते. खारे पाणी इतकी सवड देत नाही. म्हणून इंजिन किती दिवस बुडाले होते आणि वर काढल्यावर किती दिवस तसेच पडून होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर जास्त महाग पडते.

कधी कधी नौका पाण्याखाली असतानाच तिची बोली होते. तेव्हा आर्किमिडीजला बोलवावे लागते. फायबर पाण्याच्या साधारण पावणेदोन पट जड असते. त्यामुळे हजार किलोचे फायबरचे अंग पाण्याखाली सुमारे चारशे किलोच भरते. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठ पट जड, म्हणून हजार किलो लोखंड पाण्यातही पावणेनऊशेच्या आसपास राहते. दोनशे लिटरचे रिकामे बॅरल स्वतःचे वजन वजा जाता सुमारे एकशे ऐंशी किलो उचलते. फायबरच्या अंगाला तीन बॅरले पुरतात, तेवढ्याच लोखंडाला पाच लागतात. इंजिनाचा हिशेब निराळा धरावा, कारण ते लोखंडच. खरा धोका तळातून उचलताना नसतो. नौकेचा काठ पाण्याबाहेर आला की आतले पाणी एकदम ओझे बनते, एका बाजूला सरकते आणि वर आलेली नौका पुन्हा उलटते. पंप तयार ठेवायचा तो याच क्षणासाठी.

बोलीच्या शास्त्राबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुढील पानांत सविस्तर आले आहे. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार हातोडा पडेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे ‘तीन’ म्हणेपर्यंत, बोली मागे घेता येते. मात्र लिलावाच्या अटींत अनामत जप्तीचे कलम असते आणि ते आधी वाचायचे असते. १९७१ साली अमेरिकेतल्या तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी, केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल यांनी, मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल एक निरीक्षण मांडले. वस्तूची खरी किंमत कुणालाच ठाऊक नसते आणि जो तो अंदाजाने बोलतो, तेव्हा जिंकतो तो बहुधा सर्वांत जास्त चुकलेला. म्हणून बोलीदार वाढले की आपली बोली चढवण्याऐवजी आवरती घ्यावी, असा त्यांचा सल्ला होता. मोडक्या नौकेच्या लिलावाला हे तंतोतंत लागू पडते. दहा जण जमले म्हणजे माल चांगला असणार, हा बाजारातला समज इथे घातक आहे.

मोठ्या जहाजांची उदाहरणे सर्वांना माहीत असतात, त्यांवर इथे रेंगाळत नाही. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाली, लिलावात सुमारे साठ कोटींना गेली आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईतच तोडायला घेतली. ‘विराट’ एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावात ३८.५४ कोटींना विकली गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये अलंगला निघाली. अभ्यासाला याहून उपयोगी प्रकरण गोव्याचे आहे. ६ जून २००० रोजी ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याला रुतले. त्यापायी गोव्याला स्वतंत्र कायदा करावा लागला, निविदा निघाल्या, ठेकेदार आले आणि गेले, जहाज वाळूत खोल बसत राहिले. ते हटायला सुमारे बारा वर्षे लागली. दरवर्षी वाळू चढत होती, पत्रा गंजत होता, आणि काढण्याचा खर्च भंगाराच्या किमतीला मागे टाकत होता. मोडक्या नौकेची किंमत शून्याखाली कशी जाते, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

आणि शेवटी पुन्हा भीमेच्या पाण्याकडे, कारण इथे बहुधा लिलावच होत नाही. उजनीत चोरून वाळू उपसणाऱ्या सक्शन बोटी आणि फायबर बोटी महसूल आणि पोलीस पथके पकडतात आणि पुष्कळदा जागच्या जागी जिलेटिन लावून उडवतात. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. भर पाण्यातून बोट काठाला ओढणे, क्रेन आणणे, तहसीलपर्यंत नेऊन राखणे हे छोट्या पथकाला झेपत नाही, आणि लिलावात विकलेली बोट फिरून त्याच धंद्यात जाण्याची भीती असते. तरीही मला ही रीत बरी वाटत नाही. उडवलेले फायबर नाहीसे होत नाही, त्याचे तुकडे गाळात राहतात. इंजिनातले तेल त्याच पाण्यात उतरते, जे सोलापूरपर्यंत लोक पितात. शिवाय ती बोट कुठे बांधली, कुणी विकली, इंजिन कुठले होते, हा सगळा माग स्फोटाबरोबर जातो. अंग कापून निकामी करावे आणि इंजिन, पंप, पाइप यांचा क्रमांकासह लिलाव करावा, ही वाट खर्चाची असली तरी तपासून पाहण्यासारखी आहे. तिचा खर्च किती येईल, हे कुणी तरी बसून काढायला हवे.

या विषयात येणाऱ्याला कायद्याची पदवी लागत नाही, बोटबांधणीचे शिक्षण लागत नाही. बारामती-माळेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी पत्र्याची जाडी मोजण्यापासून सुरुवात करू शकतो, वकिलीचा विद्यार्थी लिलावाच्या जाहिरातींतल्या अटींपासून, इतिहासाचा विद्यार्थी रायगडच्या त्या एका कलमापासून. ज्याला उजनीवरच काम करायचे आहे, त्याने इंदापूर, दौंड आणि करमाळा या तीन तालुक्यांतले जप्तीचे पंचनामे मिळवावेत. ते माहिती अधिकारात मागता येतात. बोटीची लांबी, फायबर की लोखंड, इंजिनाचा क्रमांक, बोट पकडली त्या शिवाराचे नाव आणि पुढे तिचे काय केले, एवढे पाच रकाने आखून पंचनाम्यांतून ते भरायला घ्यावेत. जे रकाने रिकामे राहतील, त्यांची यादी करून काठावर जावे आणि कळाशीच्या, कुंभारगावच्या, कुगावच्या जुन्या मच्छीमारांना विचारावे. कुठली बोट कुठून आली, हे त्यांना कागदांपेक्षा जास्त ठाऊक असते.